भगिनी मंडळाची समान वर्गणी

सोलापुरातल्या समस्त स्त्रीवर्गाला चार घटका करमणूक मिळावी, म्हणून आबासाहेब वकिलांच्या पत्नीनं १९३१ साली भगिनी मंडळ काढलं. त्या अध्यक्ष, गावभर त्यांना वहिनीसाहेब म्हणत. चिटणीस म्हणून कापडवाले चनमल्लप्पा यांच्या पत्नीला, हेमावतीला धरलं.

वर्गणी न्याय्य असावी, यावर सगळ्यांचं एकमत होतं. गरीब-श्रीमंत हा भेदच नको, म्हणून सरसकट महिना एक रुपया ठरला. एवढा न्याय आपल्या हातून झाला, या आनंदात हेमावतीला त्या दिवशी दोन घास जास्तच गेले.

पण गिरणीतली एकही बाई फिरकली नाही. मग मंडळानं मन आणखी मोठं केलं: गरिबांना आठ आणे, फक्त गरिबीबद्दल दोन प्रतिष्ठित गृहस्थांचा दाखला आणायचा.

गिरणीत सूत गुंडाळणारी मल्लव्वा चौकशीला आली. फाटका पदर सावरत म्हणाली, "अक्का, मी गरीब हाय, हे तुमाला दिसंना व्हय?"

"दिसतं गं. पण नियम आहे."

"मग ऱ्हाऊ द्या की. दाखला आणायला जायचं, तर एक खाडा पडंल."

पंचमीला गिरणीतल्या बायकांनी मंडळासमोरच्या मोकळ्या माळावर फेर धरला. आत कॅरम खेळणाऱ्या भगिनी एकेक करून खिडकीशी गेल्या. वहिनीसाहेबांना हा उघड अन्याय वाटला. आपल्या सभासदांची करमणूक बाहेरच्या फुकट करतात म्हणजे काय! त्यांनी हेमावतीला पिटाळलं, "जा, त्यांच्याकडून निदान आवाजाची वर्गणी तरी घ्या."

हेमावती तावातावानं गेली. मल्लव्वानं तिचे हात धरले. "मागा की, पण आधी एक फुगडी घाला."

अक्कलकोटचं माहेर सुटल्यापासून हेमावती फुगडी खेळली नव्हती. पहिल्याच गिरकीला अंबाडा सुटला, दुसरीला चिटणीसपण. ती इतकी हसली की तिनं मातीत बसकण मारली. खिडकीतल्या भगिनी चपला न घालताच बाहेर धावल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनीसाहेबांनी तातडीनं ठराव मांडला: फुगडी हा मंडळाचा मान्यताप्राप्त खेळ, वर्गणी एक रुपया.

"लिहा," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच लिहा," हेमावती म्हणाली. "मला माळावर जायचंय."

बाकीच्याही तिच्यामागून गेल्या. ठराव मात्र एकमतानं मंजूर झाला. मत द्यायला वहिनीसाहेब होत्या ना!