खाली उतरणारी ओळ

टॉकीजमध्ये गाणं सुरू झालं आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सुगंधानं माझा हात सोडला. एवढ्यावरूनच मी काय ते समजले. पडद्यावर मढच्या किनाऱ्यावर नटी ओठ हलवत होती, पण आवाज सुगंधाचा नव्हता. तो जयंतीबाईंचा होता. त्यांचा आवाज ओळखायला गाण्यातलं कळावं लागत नसे. त्या सत्तावन-अठ्ठावन साली घाटकोपरात रेडिओ लावला की त्याच, आणि बंद केला की त्यांच्यासारखा बारीक आवाज काढणाऱ्या आमच्या चाळीतल्या पोरी.

सुगंधा माझी धाकटी जाऊ. अंधेरीच्या स्टुडिओत कोरसमध्ये गायची. म्हणजे जयंतीबाई पुढे गाणार आणि ही दहाजणींत मागे उभी राहून नुसतं आ आ करणार. सासूबाईंना ते पसंत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही नव्हतं, कारण ही स्टुडिओत गेली की भाकऱ्या माझ्या गळ्यात. पण मध्यंतरी जयंतीबाई परगावी गेल्या आणि शूटिंग अडलं. नटीला ओठ हलवायला गाणं तर हवं. संगीतकारांनी सुगंधाला पुढे बोलावलं. म्हणाले, "तू गाऊन ठेव. बाई आल्या की त्यांच्या आवाजात घेऊ. पण तुझंच चांगलं जमलं तर बघू, राहू दे तुझंच."

माणसानं असं बोलू नये. एक तर हो म्हणावं, नाही तर नाही म्हणावं.

गाऊन द्यायच्या आधी आठवडाभर ती स्वयंपाकघरात तेच घोटत बसली. मी तांदूळ निवडत ऐकायची. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण पहिल्या ओळीच्या शेवटाला तिचा आवाज अलगद खाली उतरायचा, भरलेली घागर न हिंदकळता ओट्यावर ठेवावी तसा. माझा हात सुपातच थांबायचा. त्या घरात मला कधी कुणी "दमलीस का गं" असं विचारलं नव्हतं. ती ओळ ऐकली की कुणीतरी विचारल्यासारखं वाटायचं.

आणि नेमकी तीच ओळ पडद्यावर जयंतीबाईंनी वर नेली. खोटं कशाला बोलू, सुरेख नेली. टॉकीजभर वाहवा झाली. मला राग आला तो त्या वाहवेचा.

बाहेर आल्यावर अनंतभावोजी, म्हणजे तिचा नवरा, भडकलेच. ऑफिसातल्या सगळ्यांना सांगून बसले होते ना बिचारे.

"निदान त्यांनी कळवायचं तरी! वाट लावली माझी. उद्यापासून नाही जायचं तिकडे."

"उद्या रेकॉर्डिंग आहे," सुगंधा म्हणाली.

"परत मागे उभी राहणार? काही वाटतं की नाही तुला?"

"वाटतं ना," ती म्हणाली. "पण तो शेवट त्यांनी कसा वर नेला, ऐकलंत? मला सुचलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. भाकऱ्या मी केल्या, न कुरकुरता.

गाणं धो धो चाललं. इराण्याच्या हॉटेलात तेच, लग्नाच्या बँडवर तेच. शेजारची प्रेमा तर नळावर पाणी भरतानासुद्धा बाईंसारखी वर जाऊन थरथरायची.  सुगंधाऐवजी मीच खिडकी लावून घ्यायची.

दिवाळीच्या आधी एका दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. ती विळीवर भाजी चिरत होती.

"सुगंधा, ते गाणं म्हण ना," मी म्हटलं.

"रेडिओवर लागेल की आता."

"ते नको गं. तुझं म्हण. खाली यायचीस ते."

तिनं हात पुसले आणि सुरू केलं. ओळीच्या शेवटाला आवाज वर गेला, अगदी बाईंसारखा. ती थांबली. पुन्हा म्हटलं, पुन्हा वरच गेला. तिसऱ्यांदा तिनं मुद्दाम खाली आणायला बघितलं, तर मध्येच अडखळली.

"नाही येत हो वहिनी," ती म्हणाली. "कानात त्यांचंच बसलंय. कसं होतं माझं?"

मला तर लख्ख आठवत होतं. आजही आठवतं. पण माझा आवाज म्हणजे फाटका बांबू. आरतीतसुद्धा मी नुसत्या टाळ्या वाजवते. तरी तोंड उघडलं आणि म्हणून दाखवलं. ती हसली नाही. डोळे मिटून ऐकत राहिली.

"असं होतं?" तिनं विचारलं.

"असंच," मी म्हटलं.

तसं नव्हतं. तिनं विळी पुन्हा पुढे ओढली.