दुबईत पळवलेलं नाव

मुलांनो, समजा, तुमचं नाव दुसऱ्यानंच लावलं आणि वर तुम्हालाच चोर ठरवलं, तर? वेल्ह्याच्या प्रेरणाच्या घरी तसंच झालं.

तिची आई मंगल 'कानंदाई' नावानं नाचणीचे पापड विकायची. दुबईचा एक व्यापारी माल पाहायला आला. पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं धाडायचं, म्हणून आईनं शाल-नारळासोबत पाकिटावरच्या नावाचा लाकडी ठसाही भेट दिला. त्यानं तिकडं जाऊन ते नाव स्वतःचं म्हणून नोंदवलं. इकडून दुबईला पहिली खेप निघणार, तोच त्याचा निरोप आला, "कानंदाई माझं आहे. तुमचा माल अडवीन."

"आपलं नाव नोंदवलेलं हाय की!" प्रेरणा कडाडली.

"ते भारतात, पोरी," सोमनाथमामा म्हणाले. "परत्येक देशात येगळं नोंदवावं लागतं. आपुन न्हाई केलं."

"जाऊ दे, दुसरं नाव घिऊ," आई पुटपुटली.

"का म्हनून? आपलं मीठ खाऊन त्यानं लुबाडायचं, अन् बारसं आपुन पुन्हा घालायचं?"

प्रेरणानं आईचा मोबाईल उचलला आणि भोरच्या वकीलबाईंना फोन लावला. "सौदामिनीताई, दुबईतल्या त्याच्या नोंदणीवर हरकत घ्यायचीय. नाव आधीपासनं आमचंच हाय, याचा पुरावा म्हनून जुनी पाकिटं घिऊन आमी एसटीनं निघालो."