चौकटीतले पान

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. पूर्वीच्या भव्य इमारतींचे पाच प्रकारचे खांब माझ्यात आहेत. डावीकडे खांबाचे चित्र आणि उजवीकडे त्याच्या मापांचे नुसते आकडे, अशी माझी मांडणी. ती चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरता कोरता एका कारागिराचे डोळे अधू झाले. त्याचे कष्ट मी विसरलेलो नाही.

पुढे मी एका वास्तुविशारदाकडे आलो. वर्षानुवर्षे माझ्यावाचून त्यांचे पान हलत नसे. मग एकदा त्यांना दिवाणखाना सजवायची हुक्की आली. त्यांनी ब्लेडने माझे सर्वांत देखणे पान, फुलापानांच्या माथ्याचा नाजूक खांब, कापून चौकटीत बसवले. त्या पानाच्या पाठीवर आधीच्या जाड खांबाची मापे होती, हे त्यांच्या गावीही नव्हते. आता जाड खांबाच्या चित्रासमोर नाजूक खांबाचे आकडे आले. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

त्यांची लेक नुकतीच आराखडे काढू लागली होती. एका वाचनालयाच्या दगडी पोर्चला तिने जाड खांब निवडले आणि मापे माझ्यावरून घेतली. खांब उभे राहिल्यावर म्हातारे मिस्त्री म्हणाले, "ताई, हे बारीक वाटतात हो. वरचा भार पेलायचे नाहीत."

तिने मला पुन्हा उघडले. "काका, उंचीचा दहावा हिस्सा जाडी. पुस्तकात तसंच आहे."

"पुस्तकात आहे म्हटल्यावर मी काय बोलणार?"

टेकू काढायच्या वेळी मिस्त्रींनी बाकीच्यांना लांब पाठवले आणि स्वतः खाली थांबले. पोर्च त्यांच्या अंगावर कोसळला.

चौकशीत जाणकार म्हणाले, जाडी सातवा हिस्सा हवी होती. तेव्हा बापाने मला चाळले. शिवणीतली कापलेली कड दिसताच ते पांढरेफटक पडले. पण त्यांनी मला मिटले आणि ते मूग गिळून बसले.

"मीच चुकीचं वाचलं असेन," लेक म्हणाली. त्यानंतर तिने पेन्सिल हातात धरली नाही.

मी आता माळ्यावर कसरीच्या तोंडी आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. लेक मात्र रोज त्या चौकटीची काच पुसते. तिला ते चित्र फार आवडते. मित्रांनो, कुठल्याही पुस्तकाचे पान कापू नका. आणि कधी त्या घरी गेलात, तर तिच्यासमोर तेवढे त्या चौकटीतले पान उलटे करा.