टिचकी

उजव्या हाताला प्लास्टर चढलं तेव्हा मला हातापेक्षा टिचकीची काळजी जास्त लागली.

हुबळी आणि धारवाडच्या मधल्या रायापूरच्या माझ्या शेडमध्ये बारा तवे आहेत आणि चोवीस बायका. आम्ही ज्वारीची कडक भाकरी करतो, पापडासारखी कुरकुरीत. सतरा वर्षांत एकही भाकरी माझी टिचकी खाल्ल्याशिवाय डब्यात गेलेली नाही. बोटाने वाजवायची. खणखणीत वाजली तर पास, भद्द वाजली तर बाजूला. बायका चळती आणून माझ्यापुढे ठेवायच्या आणि मी एकेक वाजवायची. धंदा चालवणं म्हणजे हेच, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

माझी सून दीपश्री धारवाडच्या कॉलेजात मॅनेजमेंट शिकवते. ती म्हणायची, "आई, दुसऱ्यांच्या हातून काम नीट होईल असं बघणं म्हणजे मॅनेजमेंट." मी म्हणायची, "आमच्यात त्याला आळस म्हणतात."

आणि नेमकी हात मोडल्याच्या आठवड्यात ऑर्डर आली! हुबळीच्या श्रीहरी वकिलांच्या धाकट्या मुलीचं लग्न, दोन हजार भाकऱ्या. गेल्या वर्षी थोरलीच्या लग्नात आमच्या काही डब्यांत तळच्या भाकऱ्या चक्क मऊ निघाल्या होत्या, तेही भर पंगतीत. वकील फोनवर एवढंच म्हणाले, "अनसूयाबाई, ही शेवटची संधी समजा." पुन्हा तसं झालं असतं तर हुबळी-धारवाडात माझ्या भाकरीला कुणी विचारलं नसतं.

ते मऊ डबे लीलाच्या तव्याचे होते. डब्यांवर आम्ही तव्याचा नंबर घालतो. लीला अळणावरजवळच्या खेड्यातून येते. तिच्याइतक्या झपाट्याने थापणारी बाई माझ्याकडे दुसरी नव्हती. तरी मी तिला सगळ्यांसमोर नको नको ते बोलले आणि तव्यावरून उठवून भांड्यांना लावलं. तेव्हापासून ती वर्षभर कोपऱ्यातल्या नळावर पराती घासतेय.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला तवे तापले. टेम्पो तीनला यायचा होता. दीपश्री रजा टाकून आली होती. मी खुर्चीत बसले आणि डाव्या हाताने टिचक्या मारायला लागले. पण डावं बोट म्हणजे ठार बहिरं! एकेक भाकरी चार-चार वेळा वाजवावी लागे. आठ वाजेपर्यंत माझ्यापुढे तीनशे भाकऱ्यांचे ढीग लागले आणि खाली ठेवायला जागा उरली नाही म्हणून तव्यावरच्या बायका हात बांधून बसल्या. मी उठले, ओरडले, एका ढिगाला धक्का देऊन परत बसले.

"आई, ज्या त्या तव्यावर जिची तिने टिचकी मारू दे," दीपश्री म्हणाली. "पास झालेली सरळ पंख्याखाली चटयांवर पसरू दे."

"आणि मी काय करू? माशा मारू?"

तेवढ्यात भागीरथी पुढे आली. ही माझी सगळ्यात जुनी कामगार. "अक्का, कुंदर्री," म्हणत तिने मला खांदा दाबून खुर्चीत बसवलं. "आमास्नी कान न्हाईत काय हो? सतरा वर्सं तुमची टिचकी ऐकतो आहे की!"

मी तोंड फुगवून बसले. पण बघता बघता शेडमध्ये काम पेटलं! बारा तव्यांवर थापण्याचा धबधबा, त्यात तव्यांवरच्या सगळ्या जणींच्या टिचक्या, टण टण टण. चटया भरत होत्या. भद्द वाजली की ती बाई स्वतःच तोंड वाकडं करून भाकरी पुन्हा तव्याच्या कडेला उभी करायची. साडेनऊला पाचशे! मी खुर्चीतूनच आकडे ओरडायला लागले.

त्याच तंद्रीत मी सकाळच्या माझ्या ढिगाकडे वळले. तळची एक भाकरी ओढून उचलली. ती मोडली नाही, वाकली. दुसरीही वाकली. या तर सहाला खणखणीत उतरलेल्या! गरम भाकऱ्या एकावर एक, माझ्या टिचकीची वाट बघत तीन तास. वाफ जाणार कुठे? तळाशीच ना.

मग मला गेलं वर्ष दिसलं. लीलाचा हात सगळ्यात जलद, म्हणून माझ्यापुढे तिचा ढीग सगळ्यात उंच आणि तोच सगळ्यात जास्त वेळ पडून. मी वाजवल्या तेव्हा जेमतेम कडक होत्या, पण आत मुरलेली वाफ पुढे डब्यात तळाला उतरली. भाकऱ्या मऊ केल्या होत्या मी. लाज वाटली, फार लाज वाटली. पण बसून राहायला वेळ नव्हता.

"लीला!" मी इतक्या जोरात ओरडले की तवे थांबले. ती नळ बंद करून घाबरत आली. मी ती वाकलेली भाकरी सगळ्यांना दिसेल अशी धरली. "गेल्या वर्षी भाकऱ्या हिच्यामुळे मऊ झाल्या नव्हत्या. माझ्यापुढे थांबून थांबून झाल्या होत्या. बोलणी हिने खाल्ली, चूक माझी होती. हात धू लीला, तव्यावर बस."

ती जागची हलेना. शेवटी भागीरथीने आपल्या तव्यापुढची जागा रिकामी केली. लीलाने पदराला हात पुसले, गोळा घेतला आणि थापायला लागली. वर्षभर राख चोळूनही हात तसाच होता! सगळा ताफा तिच्या वेगाने धावायला लागला. बारा वाजले, एक, दोन... अडीचला माझा ढीग बाद करूनसुद्धा दोन हजार पुरे! टेम्पोवाला शंकर अर्धा तास आधीच डबे घेऊन हुबळीला निघाला.

साडेचारला त्याचा फोन आला. "अक्का, वकीलसाहेब स्वतः डबा उघडायलेत. तळची काढली बघा." मी फोनचा आवाज वाढवून मधोमध धरला. चोवीस जणी फोनभोवती गोळा झाल्या. फोनमधून कडाड असा आवाज आला, आणि पाठोपाठ वकिलांचं हसू. शेडमध्ये एकच कल्ला झाला, दीपश्रीने तर मला प्लास्टरसकट मिठी मारली.

कल्ला ओसरल्यावर लीला माझ्यापुढे आली. तव्यावर उरलेली शेवटची भाकरी तिने सवयीने माझ्यापुढे धरली. माझं डावं बोट आपोआप पुढे गेलं होतं, ते मी पदरात गुंडाळलं.

"तूच वाजव," मी म्हणाले.