अंगठ्याखालचं वजा

मल्हारी पगारे नाशिकच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होते. वय एक्केचाळीस. दहावी झालात तर कारकून व्हाल, असं साहेब म्हणाले, म्हणून १९७९ साली त्यांनी बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. इतिहास पाठ झाला, भूगोल तर आवडायलाच लागला. बीजगणितात मात्र गाडी आलेखाच्या कागदावर अडली.

गणित असं होतं: २क्ष + ३य = १२ ही रेषा दोन्ही अक्षांना कुठे छेदते? मल्हारी क्ष एक धरायचे, तर य यायचा तीन पूर्णांक एक तृतीयांश. दोन धरला तरी तृतीयांश काही पाठ सोडेना. मग अंदाजाने ठिपके द्यायचे, पट्टी लावायची, आणि रेषा दर वेळी अक्षाला नव्याच जागी भेटायची.

"काल हीच रेषा साताला छेदत होती ना?" भाकरी थापता थापता लंकाबाईने विचारलं. लग्नाआधी ती नववीपर्यंत शिकलेली. गणितात वर्गात पहिली यायची, हे मल्हारींना एवढ्या वर्षांच्या संसारात त्या दिवशी कळलं.

"अहो, शून्य का नाही धरत?"

"शून्य म्हणजे काहीच नाही. ते धरून काय मिळणार?"

"क्ष-अक्षावर चालायचं तर वर जायचं नाही, खाली जायचं नाही. म्हणजे य शून्य. मग ३य राहतंय कुठं?" तिने पिठाचा अंगठा वहीतल्या ३य वर ठेवला. "आता उरलं काय?"

"२क्ष बरोबर बारा... क्ष सहा!"

"आता २क्ष झाका."

"य चार!" मल्हारी ओरडलेच. "दोन ठिपके, संपलं? मग मास्तर लोक एवढं रडवतात कशाला?"

महिनाभर त्यांनी दिसेल ते समीकरण अंगठ्याने झाकलं.

परीक्षेचं केंद्र पंचवटीतल्या एका शाळेत होतं. प्रश्न आला: २क्ष − ३य = १२. मल्हारींनी हसतच अंगठा टेकवला. क्ष सहा. मग दुसरीकडे टेकवला. पण फायली उचलून रुंद झालेला तो अंगठा, २क्षसोबत वजाही गिळून बसला. य चार! ऐटीत रेषाही ओढून झाली. पडताळा म्हणून त्यांनी पुन्हा अंगठा टेकवला, तोच पर्यवेक्षकांनी मनगट धरलं.

"मघापासून बघतोय. अंगठ्याखाली काय लपवलंय?"

"२क्ष, साहेब."

"थट्टा करता? उचला हात!"

हात उचलला गेला. पर्यवेक्षकांनी अंगठा उलटसुलट पाहिला. त्यावर शाईच्या डागाशिवाय काही नव्हतं. मल्हारींची नजर मात्र प्रश्नपत्रिकेवर खिळली.

"अरे! वजा!"

"काय?"

"वजा राहिलं साहेब! य वजा चार! हात सोडा, रेषा खालून जाते!"

सगळा वर्ग हसला. पर्यवेक्षकांनी "शांतता!" म्हणत हात सोडला. मल्हारींनी खोडरबराने रेषा पुसली आणि नवी ओढली.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात बेचाळीस. पेढे घेऊन ते घरी आले, तर लंकाबाई दारातच कागद भरत बसलेली.

"कसला फॉर्म?"

"दहावीचा. माझा." तिने मान वर केली नाही. "गणिताचं मी बघते. इंग्रजी तेवढं तुम्ही शिकवा."

इंग्रजीत जेमतेम पस्तीस मिळवलेल्या मल्हारींनी पेढा तिच्या हातावर ठेवला आणि पाणी भरण्याच्या निमित्ताने हंडा उचलला.