नाव न पोचलेली गल्ली

अरविंदने प्लास्टिकच्या खुर्चीवरचा निळा डाग नखाने खरवडला, रुमालाने पुसला आणि पाळकसाहेबांना बसायला सांगितलं. उज्जैनच्या भैरवगढमधल्या या कापड छापणाऱ्यांच्या गल्लीत पाहुण्याच्या पांढऱ्या पँटची हमी कुणी देत नाही. समोर मुक्ताबाई चादरीवर लाकडी ठसा उमटवत होती. तिने हात जोडले आणि पुन्हा ठसा उचलला.

पाळक शैलेंद्र साळवे पुण्याहून आले होते, आपल्या चर्चच्या मंडळीला दाखवायला व्हिडिओ काढायचा म्हणून. मंडळीचा नियम सोपा होता. प्रभूचं नाव जिथे पोचलेलंच नाही तिथे सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, ठेवायचा. पोचलं की त्याला पुढच्या मुलखात धाडायचं. आणि इथे नेमलेल्या अरविंदला तर उज्जैन चांगलंच मानवलं होतं. बायकोला, उषाला, फ्रीगंजमधल्या शाळेत नोकरी लागली होती, मुलगी गौरी दहावीत होती. म्हणून फोनवर तो दर वेळी सांगे, साहेब, जमीन कठीण आहे, कुणी ऐकूनही घेत नाही. कष्टांचं कौतुक होई आणि बदलीही टळे.

खरं तर मुक्ताबाई चार वर्षं ऐकत होती. दुपारी ठसे धुताना तिला गोष्ट लागे, अरविंदला ऐकणारं माणूस लागे. तिने देव काही बदलला नव्हता. कालभैरवाला वाहायची दारूची बाटली कधी चुकली नाही. पण उषाला डेंग्यू झाला तेव्हा उशाशी बसून तिने अरविंदचीच प्रार्थना आपल्या माळवी बोलीत म्हटली होती.

काल संध्याकाळी तो तिच्या ओट्यावर येऊन बसला. मागितलं काहीच नाही. पुण्याचे साहेब येणार, त्यांचा नियम असा, गौरीची परीक्षा अशी, एवढं बोलून उठला. हुशार माणूस मागत नाही, फक्त मांडून ठेवतो.

पाळकसाहेबांनी मोबाईल सरसावला आणि आपली पुणेरी हिंदी काढली.

"अम्मा, येशू का नाम कभी सुना है क्या?"

मुक्ताबाईने अरविंदकडे पाहिलं नाही.

"नी सुना, भैया."

ठसा बसला.

"उनकी कोई कहानी?"

"नी."

ठसा बसला.

"इतने सालों में कोई बताने को भी नहीं आया?"

अरविंद तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने रुमालाची घडी घातली.

"कोई नी आया."

ठसा तिरका पडला, नक्षीतल्या पानावर पान चढलं.

पाळकसाहेब गहिवरले. मोबाईल खिशात टाकून त्यांनी अरविंदच्या खांद्यावर हात ठेवला. निदान गौरीची बारावी होईपर्यंत तरी तुम्ही इथून हलायचं नाही, म्हणाले, आणि पलीकडची गल्लीही पाहून घेऊ म्हणत गाडीकडे निघाले.

मागे राहून अरविंदला आभार मानायचे होते. नेमके कशाचे, ते जिभेवर येईना. मुक्ताबाई ओल्या फडक्याने डाग टिपत होती. डाग आणखीच पसरत होता.

"ठीक बोली ना मैं?"

त्याने मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही कळलं नाही.

"वो तेरी कहानी में येशू का चेला था ना, वो मछुआरा," ती डागावरून नजर न काढता म्हणाली, "जो तीन बार बोला, मैं इसको जानता ही नी. फिर मुर्गा बोला और वो रोया."

"हां, अम्मा."

"उसको माफी मिली? तूने आगे सुनाया ही नी."

गाडीचा हॉर्न वाजला. अरविंदने त्या पुसलेल्या खुर्चीकडे पाहिलं. मग सावकाश गाडीपाशी गेला आणि पाळकसाहेबांच्या बाजूचं दार उघडलं.

"साहेब, जरा परत येता?" त्याची नजर त्यांच्या बुटांवर होती. "अम्मांना मी एक गोष्ट अर्धवट सांगून ठेवली आहे. ती तुमच्यासमोर पुरी करतो."