त्रेचाळीस कासवं

सकाळी अकराला जनावरांच्या दवाखान्यातले त्रेचाळीस रुग्ण एकदम कासव झाले. झाले ते कॉम्प्युटरवरच. पण तिथल्या डॉक्टरबाई कॉम्प्युटरला फार मानत. त्यांनी एका शिकारी कुत्र्यापुढे कोबी ठेवून पाहिला. कुत्र्यालाही संशय आला.

नोंदणीचा हा प्रोग्राम जावयाने लिहिला होता. जावई शेजारच्या टेबलावरच्या जुन्या प्रोग्रामरच्या घरचा. त्याची धाकटी बहीण याची बायको. मेहुण्यानेच शब्द टाकून याला चिकटवलं होतं. आज चार वाजता याला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे बाई ठरवणार होत्या.

काल सगळे पोपट झाले होते, परवा घोडे. कोणीतरी लुडबूड करत होतं, आणि जावयाचा संशय मेहुण्यावर होता. लग्नातच तो म्हणाला होता, बघू किती टिकतो. शिवाय आज तो सकाळपासून दोनदा हसला होता, आणि हसणं हा काही त्याचा स्वभाव नव्हे.

रुग्णाचा क्लास म्हणजे कोरा अर्ज. त्यावरून प्रत्येक जनावराचं एक ऑब्जेक्ट बनायचं, ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा प्रकार. काल संध्याकाळी जावयाने 'प्रकार'च्या आधी प्रायव्हेट लिहून टाकलं. आता क्लासबाहेरून तिथे कोणाला बोटही लावता येणार नव्हतं. एवढ्यावर न थांबता त्याने बाईंना चिठ्ठी दिली: माझ्या कामात घरचाच माणूस ढवळाढवळ करतोय.

आणि तरी आज कासवं.

तो डोकं धरून बसला. बाहेरून येता येत नाही, म्हणजे चोर आतला. आत अडतीस ओळी, अडतीसही याच्याच हातच्या. एकेकीकडे त्याने फौजदारासारखं पाहिलं. नवव्या ओळीत, प्रायव्हेटला अगदी खेटून, स्टॅटिक हा शब्द पाय पसरून बसला होता. परवा सकाळी ओळी तपासणारा कंपायलर कुरकुरला, तेव्हा त्याचं तोंड बंद करायला यानेच तो बसवला होता. स्टॅटिक म्हणजे सगळ्यांत मिळून एकच. जनावरं त्रेचाळीस, प्रकार एक: शेवटी जो दाखल होईल त्याचा. आज अकराला एक कासव दाखल झालं होतं.

त्याने शब्द पुसला, कंपायलर ज्या ओळीवर कुरकुरत होता ती नीट केली. कुत्रे पुन्हा कुत्रे झाले.

चारला बाईंनी दोघांना बोलावलं. चिठ्ठी टेबलावर उघडी होती, मेहुण्याकडे तोंड करून. बाईंनी विचारलं, कोण करत होतं हे?

आज दुपारी प्रायव्हेट लिहिलं आणि चोर थांबला, एवढं खोटं म्हटलं की नोकरी पक्की. तपासणार कोण?

"मी," जावई म्हणाला. "नवव्या ओळीत."

मेहुण्याने चिठ्ठी सावकाश वाचली.

"मला परवाच दिसलं होतं, जावईबापू. म्हटलं, विचारतील कधीतरी."

म्हणजे संशय अगदीच वाया गेला नव्हता.

बाईंनी आणखी तीन महिने परीक्षेवर ठेवलं, देखरेख मेहुण्याची. जावयाने खुर्ची उचलून त्याच्या टेबलाशी नेली आणि स्क्रीन जरा तिरका केला, मेहुण्याला अर्धाच दिसेल इतका.